डाव्या हाताचे घट्टे

कसबा बावडा, कोल्हापूर
ता. १० मार्च १९८३

वन्संना बयाबाईचा नमस्कार. तुम्ही थोरल्या म्हणून लिहिला, मनातनं न्हाय. दुसरी शिकल्याली बाई हाय मी, अक्षर लागंल तसं वाचा.

तर काल पयल्यांदा कोण आलं म्हणाल, तर तुम्ही धाडलेल्या कागलच्या पावण्यांतली पोराची आई, धोंडुबाई. बाप्ये जीपमधनं उतरायच्या आत ही बया मागल्या दारानं घरात! आधी गोठा बघितला, मग मोरी, मग चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं. म्हटलं, "पावणं, पोरगी पातेल्यात न्हाय, सोप्यात हाय." मागनं तिचा नवरा आकाराम आला आणि पोरगं आलं.  पोरानं शिरा तेवढा दोनदा मागून घेतला.

तुम्ही त्यास्नी "नात कालेजात जाती" एवढंच सांगितलासा. काय शिकती ते का वो लपवलासा? लाज वाटली? विद्यापीठात आजकालच्या गाण्याचा वर्ग निघालाय. शालनचं पयलंच वरीस. माइक तोंडापासनं किती लांब धरायचा, मानसांकडं बघून कसं म्हणायचं, सूर चुकला तर न थांबता फुडं कसं जायचं, सगळं शिकवत्यात. आणि गाणंबी आपलं आपण रचायचं, दुसऱ्याचं चालत न्हाय. मला लई आवडतं ते. घरात ती गिटार घेऊन बसली की म्हशीबी कान टवकारत्यात. खोटं वाटत असंल तर येऊन बघा.

असू दे. धोंडुबाईनं शालनचा डावा हात घेतला आणि एकेक बोट चाचपलं. तोंड असं फुललं तिचं! "अवो, घट्टं हायत की पोरीच्या बोटास्नी. कालेजची असून खुरपं धरती." आकाराम खूश. शालनचा बाप, आमचा बाळासो, डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागला. मग तिनं उजवा हात बघितला, त्याची बोटं मऊ.

"एकाच हातानं भांगलतीस व्हय गं?"

शालन म्हणाली, "भांगलत न्हाय मावशी. गिटार वाजवते. तारा ह्या हातानं दाबायच्या असत्यात."

धोंडुबाईनं हात असा सोडला, जसा इंगळच धरलाय. आकाराम म्हणाला, "बाळासो, हे घर हाय का बँडवाल्याचं दुकान?"

बाळासो तुमचाच भाचा. बसला पाय चोळत. मीच म्हटलं, "शालन, आता म्हणूनच दाखव." तिनं उभ्यानं म्हटलं, मान वर करून:

आजे तुझ्या गळ्याला गं कुलूप कुणी लावलं?
रुखवताच्या दिवशी गाणं कुणाला गं चावलं?

सरांनी सांगितलंय, घरातल्या मानसावर घरच्या बोलीत गाणं करा. तिनं माझ्यावर केलं. चावलं कुणाला ते तुम्हास्नी ठाव हाय, वन्सं. तुमच्या लग्नात रुखवतावर दोन्हीकडच्या बायका एकमेकीला गाण्यातनं टोमणं मारत हुत्या. मी जागच्या जागी रचून म्हणत हुते. तुमची सासू हसून हसून डोळं पुसत हुती. तुम्ही तेवढ्या हसला न्हाईसा. पाचव्या दिशी माहेराला आलासा आणि भावाला सांगितलासा, "वहिनीनं चारचौघांत मला मान खाली घालायला लावली." ह्यांनी मला एवढंच सांगितलं, ह्या घरात परत तुझं गाणं ऐकू येता कामा न्हाय. चाळीस वर्सं झाली. हे जाऊनबी अकरा वर्सं झाली. तरी मी अंगाईसुदीक म्हटली न्हाय.

आणि एक. लिहू का नको करत इथवर आले. दिवाळीत तुमचं पत्र आलं, पोरीची गाण्याची वही जाळा म्हणून. बाळासोनं जाळली असं तुम्हाला कळवलं. त्याच्यात कुठली धमक? वही मीच चुलीत घातली. माझ्या हातानं. का घातली ते अजून कळत न्हाय मला. मला मिळालं न्हाय ते हिला कशाला, असं आलं असंल मनात. शालन आली, राख बघितली. वरडली न्हाय. माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आजे, वही परत लिहीन मी. तुझं गाणं कुणी बंद केलं तेवढं सांग." मग मी सगळं सांगितलं, नावासकट. गाण्यात तुमचं नाव घातलं न्हाय तिनं. तिचं मन मोठं. मी असते तर घातलं असतं.

गाणं झाल्यावर आकाराम उठला. "पोरगी सुंदर हाय. वर्ग सोडणार असंल तर सुपारी फोडू." बाळासोनं व्हय म्हणून मान हलवली. शालननं माझ्याकडं बघितलं. सुपारी सोमवारची ठरली, आणि त्याच दिशी सकाळी अकराला विद्यापीठात तिची परीक्षा. हेच गाणं सगळ्यांसमोर म्हणायचं. गेली न्हाय तर वरीस वाया.

राती मी बाळासोला सांगितलंय, तिचा हात कुणी धरला तर आधी माझा धरावा लागंल. म्हातारीचा हात धरून ओढायला लई ताकद लागती.  आम्ही दोघी नवाच्या बसनं जाणार. सुपारी तुम्ही येऊन फोडा. पावणं तुमचं, त्यांच्या तोंडाला तुम्हीच तोंड द्या. पावणं सोमवारी सकाळी धाला येतो म्हणून गेल्यात.

चाळीस वर्सं तुमची वहिनी हुते. आता नुसती शालनची आजी,
बयाबाई