तुफानराव कशालाच भीत नाही

वडनेर,
१९ जानेवारी १९५७

तीर्थरूप धुरपताबाईस,
धाकट्या भावाचा, चंद्रभानचा, पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तुझा संक्रांतीचा तिळगूळ पोचला आणि शाळेतल्या पोरांनी तो फस्तही केला. इकडे सगळं ठीक. तूर कापणीला आली आहे, त्यामुळे अर्धा वर्ग शेतात असतो. जी पोरं येतात ती मला गोष्टी सांगायला लावतात. माझ्या सध्याच्या दुखण्याचं मूळ तेच आहे.

नागपूरहून मी रद्दीतली काही इंग्रजी चित्रांची पुस्तकं आणली होती. त्यातला माणूस आभाळात उडतो, बंदुकीची गोळी त्याच्या छातीवर आपटून खाली पडते. पोरं म्हणाली, "गुरुजी, आपल्याकडे असा कोनी काऊन नाई?" मग मीच एक केला. नाव ठेवलं तुफानराव. भरली बंडी बैलांसकट उचलतो, कापसाच्या जिनाच्या धुराड्यावरून उडी मारतो. नागपूरच्या एका मुलांच्या मासिकाकडे गोष्ट धाडली. मला वाटलं, संपादक महादेवराव आता तारच करतील. गोष्ट साभार परत आली.

सोबत चिठ्ठी होती. "तुमचा तुफानराव कशालाच भीत नाही. ज्याला बुडायची भीती नाही त्यानं पुरात उडी मारली, तर त्यात मोठं ते काय?" मी चिडलो. मग तुफानरावाला पालीची भीती घातली. तीही परत. पाल मागाहून चिकटवल्यासारखी वाटते म्हणे. तू हसशील, पण पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा खराखुरा पूर लिहू लागलो, आणि पुराचं पाणी मला एकाच जागचं ठाऊक आहे.

बाई, आता आडवळणानं बोलत नाही. पवनारची आपली धाम नदी, तान्ह्या पोळ्याचा दिवस. मी आठ वर्षांचा, तू अकराची. माझा लाकडी नंदी पाण्यात पडला, त्याच्यामागे मी उतरलो आणि वरून लोंढा आला. तू परकर खोचून आत आलीस. तुझे गुडघे लटलटत होते, ते मला अजून दिसतात. तू मला बाहेर काढलंस. आणि काठावर मागाहून धावत आलेल्या बाबांच्या हातातली काठी दिसली तसा मी म्हणालो, "बाई घसरली, म्या काढलं तिले."

तू काहीच बोलली नाहीस. गावानं मला खांद्यावर घेतलं, पितळेचा पेला दिला. शाळा नदीपल्याड. तुझी शाळा बाबांनी त्याच आठवड्यात सोडवली, आणि मला मात्र, हा पोरगा पुरालाही भीत नाही म्हणून, रोज धाडत राहिले. वर्गात पहिला नंबर तुझा असायचा. गुरुजी झालो मी. अठरा वर्षं भाऊबीजेला तुझ्यापुढे पाटावर बसतो, पोटभर जेवतो आणि हे एवढं सोडून सगळं बोलतो. मला माझी लाज वाटते, बाई.

तिसऱ्या गोष्टीत तुफानराव नाही. तुफानबाई आहे. दिवसा ती जिनात सरकी निवडते. तिच्या अंगात अचाट बळ आहे, पण आधी गुडघे लटलटल्याशिवाय ते येत नाही. वर्गात वाचून दाखवली, तर घंटा झाली तरी कुणी उठेना. संपादकांचं उत्तर आलं, छापतो म्हणून. पण स्वच्छ प्रत मी अजून धाडलेली नाही. तिच्याखाली मला लिहायचं आहे की हे बळ माझ्या बहिणीचं, धुरपताचं, आणि पुरातून तिनं मला काढलं. तू हो म्हणालीस तर धाडीन. नाही म्हणालीस तर चुलीत घालीन.

परवा पवनारला जाऊन बाबांना सांगून आलो. या वयातही मारतील असं वाटलं. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत बसले. मग एवढंच म्हणाले, "मंग पोरीची शाळा म्या काऊन सोडवली?" परत येताना बसमध्ये मात्र अशी गाढ झोप लागली की वडनेर कधी मागे पडलं ते कळलं नाही. दोन कोस पायी परतलो. पाय दुखले, पण जीव हलका होता.

तू काय लिहिशील त्याची वाट पाहतो.

तुझा खोटा वीर,
चंद्रभान


सिंदी मेघे,
३ फेब्रुवारी १९५७

बाबू चंद्रभान,
तुले तुह्या बाईचा आशीर्वाद.

मी तिसरीपर्यंतच शिकली, त जशी बोलते तशीच लिहून राह्यली. गुरुजी होऊन चुका काढू नोको.

तुही चिठ्ठी दोनदा वाचली अन् गोठ्यात जाऊन रडली. शाळा सुटल्याचा राग आहे मले. तू पायावर डोकं ठेवलं म्हनून तो सारा जानार नाई, थोडा राहू दे. पन एक गोष्ट तुले ठाऊक नाई, अन् ती सांगाले मले लय भेव वाटते.

नदीच्या मधात माहा पाय सुटला तवा म्या तुहा हात सोडून देला. एकटीच काठाले लागली. मागं पायलं त तू पान्यात वरखाली होऊन राह्यला होता. तवा पुन्हा आत आली. तुह्या नाकातोंडात पानी, तुले काय समजते? पन तू बाबासमोर खोटं बोलला, अन् मले वाटलं, याले हात सोडलेला समजला, म्हनून हा सूड घेऊन राह्यला. म्हनून तोंड उघडलं नाई. शाळा सुटली तवा बी वाटलं, हे आपल्या पापाचं फळ आहे. अठरा वर्षं मी तुले भेत होती अन् तू मले. दोघंबी येडे.

लिहिलं एकदाचं. आता बरं वाटून राह्यलं.

बाबा काल येऊन गेले. चहा बी घेतला नाई. माह्या पोरीले, शकूले, जूनमदी शाळेत घाला म्हने. हे हो म्हनले.

गोष्ट धाड. पन तुह्या तुफानबाईले एक वेळ हात सोडू दे, काठाले येऊ दे, अन् मंग परत जाऊ दे. तसं लिहिशीन त माहं नाव घाल. नाई त नोको.

छापून आली का पाठवजो. कोनाकडून वाचून घेनार नाई, मीच वाचीन.

हात सोडून परत आलेली,
तुही बाई,
धुरपता