मिरचीला फूल येईना

ती. नागुबाई आत्याच्या पायावर सुदर्शनचं डोकं. होसूरहून चाकूरपर्यंत पोचलं का बघ. गुडघा कसा हाय? म्हैस व्याली का? फोनच केला असता, पण घरचा फोन तुझ्या भावाच्या, अण्णांच्या खिशात, आणि माझं नाव दिसलं की तो खिशातच वाजून दमतो. (शिल्पे, आत्याला वाचून दाखवताना मधलं गाळू नको. अण्णा ओसरीवर असतील तर जरा मोठ्यानं वाच.)

इथं मी प्लास्टिकच्या छपराखाली ढोबळी मिरची सांभाळतोय. पॉलिहाऊस म्हणतात त्याला. आपल्या शाळेपेक्षा मोठं हाय, आणि शाळेपेक्षा जास्त दिवस मी इथं टिकलो. झाडं खांद्याला लागली, पानं सागासारखी, पण फूल एक न्हाई! लाड लई केले ना मी. मालक गुरुपादप्पा एक भांडं खत सांगायचे, मी दोन घालायचो. गारठतील म्हणून बाजूचे पडदे लावले, ते दुपारीबी उघडले न्हाईत. शेवटी मालक म्हणाले, फुलं दिसली न्हाईत तर दुसरं काम बघ. वर्षभर एका जागी टिकशील तरच उंबरा ओलांड, असं अण्णांनी सांगितलेलं. (आधीच्या तीन जागा तुला तोंडपाठ हायत.)

तवा तुझा गोठ्यावरचा भोपळा आठवला. वेल माजला, फळ धरेना की तू त्याला भ्या दाखवायला कुऱ्हाड उचलायचीस, आणि मी तुझा हात धरून ओरडायचो, "राहू दे आत्या, औंदा देईल!" मग तू वेलाला दोन शिव्या घालून कुऱ्हाड ठेवायचीस, आणि मला गूळ-शेंगदाणे. कुठलंबी शेत बघितलं की तो गूळ जिभेवर येतो बघ.

म्हणून मी कोयता उचलला. माझ्यासंगं ओडिशाचा बिपिन हाय, लई गुणी माणूस. पण हात धरायचं काम त्याचं, हे त्याला सांगायचंच राहिलं. मी कोयता उगारला तसा त्यानं दुसरा कोयता आणला आणि मला मदत म्हणून अर्धी ओळ आडवी केली! मग "राहू दे, राहू दे" मीच बोंबललो. (मराठीत. त्याला वाटलं, शाबासकी देतोय.)

आरडाओरडा ऐकून गुरुपादप्पा धावत आले. आत वाफ, खताची भांडी दोन, हातात कोयते. त्यांनी आधी पडदे उघडले, मग खत बंद केलं. थोड्या दिवसांत उरलेल्या झाडांना फुलं लागली. पांढरी, बारकी, मान खाली घातलेली. मी अण्णांपुढं उभा राहायचो ना, तश्शी.

तुझा, फुलं आणलेला,
सुदर्शन

ता.क. शिल्पे, इथून पुढं अण्णा नसताना वाच. फुलं आली, पण आडव्या ओळीपायी नोकरी गेली. बिपिनची वाचली, कारण कोयता आधी मी उचलला असं मी सांगितलं.

ता.क. येळवसेच्या शेतपूजेला येतोय, आत्या. अंबील माझ्या वाटची ठेव. अण्णा मला बघून कुऱ्हाड उचलतील. तवा हात धरायला तू ये, आणि माझं वाक्य तू म्हण: "राहू दे भागवत, औंदा देईल."