मी, दोन पिढ्या आणि एक गादी

३ मार्च, सोमवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. म्हणजे बातमी मोठी.

आपल्या गाद्यांचा खप उतरलाय. महिनाअखेरीला वितरकांना नवी गादी दाखवायची. जमली तर ठीक, नाहीतर चौथ्या मजल्यावरचा कारखाना बंद करून गाद्या बाहेरून मागवायच्या. ही गादी दोघांनी मिळून करायची. एक तात्या, कारखान्याचे प्रमुख, निवृत्तीला टेकलेले. दुसरी मार्केटिंगमधली नवी मुलगी, वय तेवीस. तिच्या कानांवर सदैव हेडफोन असतो, म्हणून मी तिला मनातल्या मनात हेडफोनच म्हणतो. साहेब म्हणाले, दोघांत खटके उडणार, मध्ये कुणीतरी समजूतदार माणूस हवा. शोरूममध्ये गिऱ्हाईक नसल्यामुळे तुम्ही मोकळेच आहात, असंही म्हणाले. ते सौजन्यापोटी. निवड पारखूनच केली आहे.

माझं वय एक्कावन्न. ना धड इकडचा, ना तिकडचा. थोडक्यात, पूल. जनरल मॅनेजरची खुर्ची सध्या रिकामी आहे हा योगायोग नव्हे.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, पूल व्हायचं तर आधी घरात व्हा, बाप-लेकांच्या मध्ये. मुलगा शेजारीच बसला होता. त्याला ऐकू गेलं नाही.

४ मार्च, मंगळवार

संकल्प: तरुणांशी तरुणांच्या भाषेत.

मुलाला विचारलं, तुम्ही हल्ली एकमेकांशी कसं बोलता? म्हणाला, बोलत नाही. हात धुऊन मागे लागल्यावर तीन शब्द दिले.

ऑफिसात हेडफोनच्या टेबलाला रेलून तिन्ही शब्द एकाच वाक्यात वापरले. हेडफोनने हेडफोन काढला. (पहिलं यश.) मग विचारलं, सर, बरं वाटत नाहीये का? आणि पाणी आणून दिलं.

तरुण पिढी मनातलं बोलायला कचरते असं वाचलं होतं. खरं आहे.

६ मार्च, गुरुवार

आज ज्येष्ठ. तात्यांशी मोठ्याने बोललो, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. जिना उतरताना त्यांचा हात धरला. तात्या रोज सकाळी तासभर पोहतात हे नंतर कळलं.

खाली आल्यावर त्यांनी हात सोडवून घेतला आणि हळूच विचारलं, तुमच्या कानाला काही झालंय का? माझा पुतण्या कानाचा डॉक्टर आहे. नंबरही दिला.

ज्येष्ठ मंडळी आपलं दुखणं दुसऱ्यावर ढकलतात. याचा उपयोग होईल.

१० मार्च, सोमवार

पहिली संयुक्त बैठक. विषय: 'मनातलं बोलूया'. टेबल-खुर्च्यांनी दुरावा येतो, म्हणून शोरूममधल्या तीन गाद्या समोरासमोर टाकल्या. तात्यांना मांडी घालायला जमलं. मला उशी लागली.

दोघांना म्हटलं, एकमेकांविषयीच्या तक्रारी मोकळेपणाने सांगा. तात्या म्हणाले, पोरगी हुशार आहे. हेडफोन म्हणाली, तात्या भारी आहेत, त्यांनी मला दाभण धरायला शिकवलं. मी म्हटलं, हे वरवरचं झालं, जरा खोल जा. दोघांनी खूप विचार केला. शेवटी एक तक्रार निघाली, तीही दोघांची मिळून: शोरूमचा एसी फार गार असतो.

रिमोट माझ्याकडे असतो.

निष्कर्ष: संघर्ष आहे, पण दबलेला. दबलेला जास्त वाईट.

१२ मार्च, बुधवार

कँटीनमध्ये दोघं हसत होते. मी पोचताच थांबले. विनोद काय झाला असं विचारलं. तात्या म्हणाले, काही नाही हो, कापसाबद्दल चाललं होतं.

कापसात हसण्यासारखं काय असतं? इतकी वर्षं गाद्या विकतोय, मला एकदाही हसू आलेलं नाही.

दुपारी साहेबांनी विचारलं, खटके? म्हटलं, आटोक्यात आहेत. म्हणाले, मग तिथे तुमची गरज आहे का?

म्हटलं, आटोक्यात आहेत, संपलेले नाहीत.

१४ मार्च, शुक्रवार

ठरलं. दबलेलं वर काढायचं. डॉक्टर गळू कापतो तेव्हा त्याला कुणी दुष्ट म्हणत नाही.

सकाळी वर जाऊन तात्यांना सहज म्हटलं, पोरगी म्हणते की स्प्रिंगा म्हणजे जुना जमाना. (तसं ती म्हणाली नव्हती. पण म्हणू शकली असती.) दुपारी खाली हेडफोनच्या कानावर घातलं, तात्यांच्या मते मऊ गादी आळशी लोकांना लागते.

संध्याकाळपर्यंत दोघांचं बोलणं बंद.

अखेर पिढ्यांमधलं अंतर दिसायला लागलं. आता ते सांभाळता येईल. फार दिवसांनी कामाचं समाधान.

१९ मार्च, बुधवार

वर तात्या, खाली हेडफोन, मध्ये जिना आणि जिन्यात मी. लिफ्ट बंद. दोघं फक्त माझ्यामार्फत बोलतात. गुडघे मात्र माझ्याशी थेट बोलतात.

आज जरा घोळ झाला. तात्यांचा निरोप होता की वरचा थर फार मऊ नको. तळमजल्यावर पोचेपर्यंत 'फार मऊ' लक्षात राहिलं, 'नको' जिन्यातच कुठेतरी पडलं. हेडफोनने ऑर्डर दिली. टेम्पो आला. पुरवठादार माल परत घेत नाही म्हणे. तात्यांनी त्या फोमवर हात ठेवला, तो मनगटापर्यंत आत गेला. हात काढून घेतला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मला शरमल्यासारखं झालं. हेडफोनच्या वतीने.

२१ मार्च, शुक्रवार

वरच्या शिवणाऱ्या बायका डबे खाताना गप्प होत्या. एकीने विचारलं, साहेब, कारखाना राहील ना? म्हटलं, मी आहे ना. तिने अर्धा उरलेला डबा झाकून टाकला.

झोप येत नाही. बायको म्हणाली, खरं सांगा, तुम्ही मध्ये पडायच्या आधी ते दोघं भांडत होते का? म्हटलं, तुला मॅनेजमेंटमधलं कळत नाही. कूस बदलली. पुन्हा बदलली.

२४ मार्च, सोमवार

दोघं माझ्या टेबलाशी आले. एकत्र! शनिवारी बसस्टॉपवर गाठ पडली आणि बोलणं झालं म्हणे.

हेडफोनने विचारलं, सर, स्प्रिंगांबद्दल मी असं कधी म्हणाले? तात्यांनी विचारलं, आणि आळशी मी कुणाला म्हटलं? मी सांगितलं, शब्द वेगळे असतील, भावार्थ तोच होता. तात्या शांतपणे म्हणाले, उद्यापासून तुम्ही वर येऊ नका, आमचं आम्ही बघतो. हेडफोन म्हणाली, प्लीज.

एसी सोडला तर दोन पिढ्यांचं हे पहिलं एकमत. मी घडवून आणलं.

संध्याकाळी शोरूममध्ये एकटाच बसलो. एसी बंद केला.

२७ मार्च, गुरुवार

दिवसभर वरून मशीनचा आवाज. मधूनच हसण्याचाही. त्या मऊ फोमचा थर वर ठेवून खाली घट्ट कापूस भरलाय, असं उडत उडत कळलं. मला कुणी बोलावलं नाही. मीही गेलो नाही. जिन्यापर्यंत गेलो होतो.

मात्र उद्याचं सुरुवातीचं भाषण माझं, हे साहेबांकडून मंजूर करून घेतलंय. पुलाशिवाय उद्घाटन कसलं? पाठांतर चालू. आठवडाभर झोपेचं खोबरं झालंय, पण चेहरा ताजा आहे. (बायको म्हणते, नाहीये.)

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी ११: साहेब, वितरक, शिवणाऱ्या बायका, सगळे शोरूममध्ये जमले. भाषण आडवं होऊन करायची कल्पना ऐन वेळी सुचली. असं सुचायलाच नेतृत्व लागतं. नव्या गादीवर पाठ टेकली आणि म्हणालो, मित्रहो, दोन पिढ्यांच्या मधोमध...

संध्याकाळी ५: जाग आली. दिवे मंद. अंगावर चादर. बूट कुणीतरी काढून शेजारी नीट जोडून ठेवलेले. शोरूममध्ये चिटपाखरू नाही.

२९ मार्च, शनिवार

तात्यांकडून कळलं ते असं. मी घोरायला लागलो. साहेब मला उठवायला निघाले, तर हेडफोनने त्यांना थांबवलं. मग तिने आणि तात्यांनी सगळी माहिती कुजबुजत सांगितली, एक माझ्या उशाशी, एक पायथ्याशी. वितरक बूट काढून चवड्यांवर आले आणि माझ्या आजूबाजूची गादी दाबून बघितली. मी कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागलो. तेवढ्यावर ऑर्डरी मिळाल्या. कारखाना राहिला.

म्हटलं, प्रात्यक्षिक असंच ठरवलं होतं मी. तात्या म्हणाले, हो का. मग जरा थांबून म्हणाले, पण तुम्ही झोपलात म्हणून जमलं बरं का. चेष्टेने म्हणाले नाहीत. वर चहाला बोलावलं त्यांनी. गेलो. अर्धा डबा झाकणाऱ्या बाईने कप हातात दिला.

जनरल मॅनेजरचं पद भरायचं नाही असं साहेबांनी ठरवलंय. काटकसर. ठीक.

२१ एप्रिल, सोमवार

नवा कॅटलॉग आला. पहिल्याच पानावर मी! हेडफोनने काढलेला फोटो. चादर हनुवटीपर्यंत, तोंड उघडं. वर मोठ्या अक्षरांत: 'साठीनंतरची निवांत झोप. खास ज्येष्ठांसाठी'.

साहेबांकडे तडक गेलो. म्हटलं, एक्कावन्न. साहेब म्हणाले, फोटोत कळत नाही.

तरुणांच्या पानावर तात्या आहेत. गादीवर उडी मारताना.

मुलाने माझं पान त्याच्या सगळ्या मित्रांना पाठवलं. जेवताना फोन बाजूला ठेवून विचारलं, बाबा, खरंच इतकी गाढ लागली होती? म्हटलं, हो. हसला. मग बराच वेळ बोलत बसलो. कशाबद्दल ते आता आठवत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

शोरूममध्ये गर्दी. सगळे केस पांढरे झालेले.

एक आजोबा कॅटलॉग घेऊन आले. फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो. मग म्हणाले, आपल्या वयात अशी झोप लागणं म्हणजे भाग्य हो. 'आपल्या' म्हणाले. लगेच दुरुस्त करणार होतो. पण ते गादीवर बाजूला सरकले आणि हाताने थोपटून मला जागा करून दिली. बसलो. कंबर, गुडघे, पोरं आणि पोरांचे फोन यांवर बोलणं झालं. माणूस अगदी माझ्या विचारांचा. गादी घेतली त्यांनी.

उठायला गेलो तर फोम मऊ. ते उठेनात, मीही उठेना. एकमेकांना धरून पाहिलं, दोघंही परत आत बसलो.

शेवटी हेडफोनला हाक मारली. तिने आधी आजोबांना उठवलं, मग मला. मला जरा जास्त जोर लागला, असं ती म्हणाली.