गुलाबचं बेअरिंग

वर्धा. रविवार, एप्रिल १९५७

किळस आली आहे. मोटारीची नाही, माझी.

इंजिन आज पुन्हा उतरवलं. अंगणातल्या निंबाला साखळी बांधून, अर्धा दिवस घालवून. दोन महिने घरी खपून जुळवलेलं हे इंजिन गेल्या रविवारी गाडीत बसवलं, सुरू केलं, आणि पाच मिनिटांत आतून खटखट. बेअरिंग जळालं. ते गुलाबने लेथवर कातून दिलेलं. तो शेजारीच उभा होता, काहीतरी सांगत होता. मी चार माणसांत त्याला म्हटलं, "तुह्या हातात आता काम राह्यलं नाई." इतक्या वर्षांचा दोस्त. निघून गेला.

आज खालचं तेलाचं चेंबर खोललं. जाळीवर फडकं. काळं, चिकट, बेअरिंगकडे जाणारी तेलाची वाट अडवून बसलेलं. बायकोने ते चिमटीत धरून पाहिलं.

"हे माह्या निळ्या लुगड्याचं हाय. तुमीच तं पुसाले नेलतं."

पुसायला! म्हणजे ते फडकं मीच आत विसरलो. आणि बोललो कोणाला?

तसाच सायकलने सावंगीला गेलो. गुलाब ओसरीवर बसला होता. फडक्याचं सांगितलं.

"तेलाचा काटा हलून नाई राह्यला, बंद कर, हेच सांगत होतो मी," तो म्हणाला. "तू आयकलं कुठं?"

माफी मागायला गेलो होतो. आणि तोंडातून निघालं काय, तर नवं बेअरिंग कधी कातून देशील?

"उद्या माप आणजो," म्हणाला तो.

मी हो म्हणून आलो. शी!