धाकट्यासमोरची खुर्ची

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा खेळ रचणे, हे माझे शेवटचे इच्छापत्र पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाखाली न येता करून ठेवत आहे. शुद्धीबद्दल मागाहून कोणी शंका काढू नये म्हणून डॉक्टरबाईंनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत गेले आणि बक्षीस काय ते विचारले. दाखला सोबत जोडला आहे.

याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. एकच होते, ते लग्न झाल्यावर केले होते. लग्न आधीच रद्द झाले, मृत्युपत्र आता होत आहे.

नातेवाइकांत अशी कुजबुज आहे की ही बाई जन्मभर खेळ करत आली, जाताना इस्टेटीचाही खेळ करून जाईल. कोडी घालील, किल्ल्या लपवील. तसे काही नाही. कंटाळा आला की ज्यातून उठून जाता येते, तो खेळ. मृत्युपत्रातून वारसांना उठता येत नाही, म्हणून सरळ लिहिते.

कलम १. हत्यारे. माझे कटर, पोलादी पट्टी आणि पुठ्ठ्याचे कोपरे गोल करायचे यंत्र छपाईवाल्याला द्यावे. माझ्या प्रत्येक पटाचे पुठ्ठे त्याने कापले, आणि दर वेळी "बाई, हे काही चालायचं नाही" असे म्हणूनच कापले. तो साक्षीदार व्हावा अशी माझी इच्छा होती. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष करू नये. त्याला विचारले. तो म्हणाला, "सही काय, कोणीही ठोकेल. यंत्र मला द्या."

कलम २. कंपनी. माझे चारही व्हिडिओ गेम कंपनीच्या मालकीचे आहेत. जे माझे नाही ते मी कोणाला देत नाही. पण मालकांचा एक हिशेब माझ्याकडे बाकी आहे, आणि तो कळण्यासाठी माझ्या धाकट्या भावाची ओळख करून देणे भाग आहे.

धाकटा सात वर्षांचा असताना तापात त्याची दृष्टी गेली. सुट्टीत सगळी चुलत-मावस भावंडे पटाभोवती बसत. त्याचे फासे तेच टाकत, दान तेच सांगत, सोंगट्या तेच हलवत आणि दर डावात त्यालाच जिंकवत. जिंकून जिंकून वैतागून तो एकदा पट उलथवून उठला. "मी आंधळा आहे, बावळट नाही," म्हणाला. तेव्हा मी भाजीच्या सुरीने सोंगट्यांना खाचा पाडल्या आणि घरांच्या रेघांवर दोरा चिकटवला. फासाही खाचांचा केला. त्यावर तो माझ्याकडून पहिला डाव हरला आणि इतका हसला की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. माझा धंदा तिथून सुरू झाला.

"कुंपण" हा माझा पहिला विकला गेलेला खेळ त्याच पटाची सुधारलेली आवृत्ती आहे. कुंपणे उठावाची, बोटांना कळणारी. डोळस लोक गंमत म्हणून डोळे मिटून खेळले आणि खेळ चालला. पुढे कंपनीने व्हिडिओ गेम करायला बोलावले. तिथे सगळा कारभार पडद्यावरचा. पहिला गेम तयार झाला तेव्हा धाकटा माझ्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसून राहिला. मला ते पाहवले नाही. दुसऱ्या गेमला, म्हणजे "तळघर"ला, मी आवाजवाल्याच्या मागे लागून पहारेकऱ्याच्या बुटांचा आवाज डाव्या-उजव्या कानाला वेगळा करून घेतला. जिथे दार, तिथे पाणी ठिबकायचे. मालक म्हणाले, "बाई, लोक गेम बघायला घेतात, ऐकायला नाही." धाकट्याने जन्मभर टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली आहे, नुसत्या "हॅलो"वरून कोण थापा मारणार ते तो सांगतो. त्याने स्क्रीन बंद ठेवून तळघर पार केले, तेही मालकांनी नेमलेल्या चाचणीवाल्यांच्या आधी.

पुढच्या भागात मालकांनी बुटांचे आवाज काढून टाकले आणि माझे नाव "विशेष आभार" या मथळ्याखाली, ऑफिसात पाण्याचे कॅन पोचवणाऱ्याच्या खाली घातले. पाणीवाल्याबद्दल माझी तक्रार नाही, तो वेळेवर यायचा. मालकांसाठी मी कानात घालायच्या बोळ्यांची एक कोरी जोडी ठेवत आहे. जुनी त्यांच्याकडे असेलच.

कलम ३. बँकेतली शिल्लक माझ्या भाच्याला आणि भाचीला निम्मी निम्मी. ही आमच्या मधल्या बहिणीची मुले. ती आता नाही. माळ्यावरचे फसलेले खेळ रद्दीत घालावेत. मी गेल्यावर कोणी ते "अप्रकाशित ठेवा" वगैरे म्हणून बाजारात आणू नयेत. ते फसले, कारण ते वाईट होते.

कलम ४. घर. दर रविवारी भाचा आणि भाची आमच्याकडे येतात आणि धाकट्यासमोर आळीपाळीने बसतात. भाचा गुणी आहे. फळे आणतो, मामाच्या पाठीला उशी देतो, आणि मुद्दाम हरतो. "मामा, तुमच्यापुढे आपलं काही चालत नाही बुवा!" तो गेला की धाकटा संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलत नाही. आमच्या धंद्यात दयेने हरणारा माणूस चाचणीला बसवत नाहीत, कारण खेळ कुठे मोडतो ते त्याच्यामुळे कधीच कळत नाही. भाची उशिरा येते, माझ्या ताटातले उचलते आणि मामाला धू धू धुते. "झोपलात का मामा? गेलात तुम्ही!" तो तिला नाही नाही ते बोलतो आणि शनिवारी स्वतः फोन करून विचारतो, "उद्या येतेस ना गं?"

माझी काळजी एकच आहे. मी गेल्यावर त्याच्यासमोर खरे खेळणारे कोणी बसले पाहिजे. करिता हे घर, जेवणाच्या टेबलासह, मी भाचीला देत आहे. अट अशी की धाकटा हयातभर याच घरात राहील, आणि तिने आठवड्यातून दोनदा त्याच्याशी खेळावे व कधीही मुद्दाम हरू नये.

कलम ५. वरील कलम ४ मी रद्द करत आहे. वकीलबाई नवा कागद टाइप करून देणार होत्या. मी म्हटले, राहू द्या. मुलांना कळू दे की मी असे लिहिले होते.

झाले असे. वकीलबाईंनी मसुदा धाकट्याला वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"घर भाचीला. टेबल भाचीला. आणि टेबलाबरोबर मी पण तिलाच, वाटतं?"

मी म्हणाले, "अरे, तुझी सोय लावतेय."

"लावलीस की. समोर कोण बसणार, कितीदा बसणार, कसं खेळणार, सगळं लावलंस. माझी पाळी कधी येते यात?"

"तुला भाची आवडते, म्हणून..."

"आवडते. पण मला विचारलंस का? भाचा माझ्यासाठी हरतो, आणि तू मला हरवायला माणसं नेमतेस. फरक काय गं ताई?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. मला वाईट वाटले, आणि त्याहून जास्त राग आला, कारण त्याचे बरोबर होते. खेळणाऱ्याला निवड नसेल तर तो खेळ नव्हे, हे मी नव्या पोरांना शिकवत आले, आणि घरच्याच माणसाला विचारायचे राहिले.

कलम ६. घर, टेबल, खुर्च्या, भिंतीवरची कपाटे आणि त्यांतील सर्व पट मी माझ्या धाकट्या भावाला देत आहे. अट कोणतीही नाही. त्याने राहावे, भाड्याने द्यावे, विकावे.

तू काय करशील, एवढे मात्र मी विचारले. तो म्हणाला, "भाच्याला राहायला बोलावीन."

"भाच्याला? तो तुला जन्मभर जिंकू देईल!"

"म्हणूनच. भाचीला खेळता येतं, ती घर नाही दिलं तरी येईल. त्या पोराला अजून कोणी नीट हरवलेलंच नाही. सहा महिन्यांत घाम काढतो की नाही बघ त्याचा."

"मी कुठे असणार आहे बघायला?"

तो म्हणाला, "तेच तर. तू नसल्यावर खेळायला मला कोणाला तरी तयार करायला नको का?"

माझ्या मते ही खेळी चुकीची आहे. भाच्यासारखी माणसे मी चाळीस वर्षे टेबलापाशी पाहिली आहेत. ती सुधारत नाहीत. धाकट्याला मी हे तोंडावर सांगितले, आणि येथेही लिहून ठेवते. पण खेळी त्याची आहे. मी सही करत आहे.

सही: लिहून ठेवणारी, धाकट्याची ताई

तिने आमच्यासमोर सही केली आणि आम्ही तिच्यासमोर. आम्हा दोघांना या कागदान्वये काहीही मिळणार नाही.
साक्षीदार पहिली: डॉक्टरबाई
साक्षीदार दुसरा: समोरच्या दुकानातला चष्मेवाला

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
तारीख: नऊ ऑक्टोबर, सोमवार