हातोडी न लागलेलं मडगार्ड

प्रिय वायसरबाई,

तिशी ओलांडलीस, स्वतःच्या कारखान्याची मालकीण झालीस, तरी मी तुला याच नावानं हाक मारणार. दोरीत बोल्टांचे वायसर ओवून ती माळ गळ्यात घालून माझ्या गॅरेजभर मिरवणारी पोर दुसऱ्या कुणाची नव्हती. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर मला 'हं' आणि 'बघू' यापलीकडे काही सुचत नाही, हे तुला जन्मापासून ठाऊक आहे. परवा तू विचारलंस, बाबा, खरं सांग, माझी मडगार्डं कशी आहेत, आणि मी 'बघून सांगतो' म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाहीये. पोरीचा कारखाना बंद पडायची वेळ आलीय आणि हा माणूस बघून सांगतो म्हणतो! अगं, पण न बघता सांगायला मी काय ज्योतिषी आहे?

तर बघितलं. तुझ्या भागीदाराचं म्हणणं मला समजलं ते असं, की मडगार्डांचा दुसरा लॉट थोडा चुकला असला तरी विकून टाकू, गॅरेजवाले ठोकून बसवतातच. तू म्हणतेस, भंगारात घालीन पण माझ्या नावानं विकणार नाही. आणि तू हट्ट सोडला नाहीस तर तो पत्रा दाबायची आपली प्रेस उचलून चालता होणार, म्हणजे तुझे साचे नुसते पडून राहणार. बरोबर ना? तू इतक्या भरभर बोलत होतीस की मध्येच रडलीस की शिंकलीस तेही कळलं नाही.

तू पाठवलेली दोन्ही मडगार्डं मी दंतवैद्यबाईंच्या गाडीला लावून पाहिली. ती गोल पाठीची गाडी तुला आठवत असेल, त्यांच्या वडिलांची. बाईंनी आजवर बाजारातली किती नवी मडगार्डं आणून दिली आणि आम्ही किती परत पाठवली, विचारू नकोस. जुन्या गाडीचा नवा पार्ट म्हणजे विकतचं दुखणं. पत्रा वहीच्या पुठ्ठ्याएवढा, भोकं एकीकडे, बोल्ट भलतीकडे, आणि हेडलाइटच्या वर हटकून तोच एक पोक. मी इतकी वर्षं तो पोक ठोकून काढला, पण तो प्रत्येक मडगार्डाला त्याच जागी का असतो, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. तो तुला पडला. कुणीतरी पहिला साचा धडकलेल्या गाडीवरून घेतला, आणि पुढच्या सगळ्यांनी नकलेची नक्कल केली, हे तू शोधून काढलंस. मग कधीही न धडकलेल्या गाड्या हुडकत फिरलीस, अनोळखी लोकांच्या अंगणात गाडीखाली पाठीवर पडून मापं घेतलीस. तू हे सांगितलंस तेव्हा मी 'बरं' म्हणालो. आणि फोन ठेवल्यावर रंगवाल्याला सांगितलं, काचवाल्याला सांगितलं, न्हाव्यालासुद्धा सांगितलं. त्याच्याकडे गाडीच नाही, पण वस्तऱ्याखाली असलेल्या माझ्या मानेची काळजी त्याला, गप ऐकून घेतलं बिचाऱ्यानं.

आता डाव्या मडगार्डाची गंमत ऐक, हे तुझ्या पहिल्या लॉटमधलं. मी चहा प्यायला गेलो होतो. परत येतो तो आमचा पत्रा ठोकणारा ठोक्या (तुझा ठोक्याकाका, दुसरं कोण) मडगार्ड शिकंज्यात धरून कानशीनं त्याची भोकं लांबवत बसलेला! अजून गाडीला लावून पाहिलेलंसुद्धा नाही. मी ओरडलो, अरे काय चालवलंयस? तर म्हणतो, शेठ, नवं मडगार्ड आहे, भोकं जुळणारच नाहीत, आधीच लांबवून ठेवतो. आयुष्यभराची सवय! मग लावलं. बोल्ट मूळ भोकाच्या मधोमध उतरला, बोटानं फिरवला तर शेवटपर्यंत गेला. ठोक्यानं लांबवलेली जागा तेवढी बाजूला उघडी पडली. त्या मडगार्डात एकच खोट आहे आणि ती आमच्या गॅरेजची आहे. ठोक्या कानशी खाली ठेवून म्हणाला, पोरीनं आपलं पोट मारलं की हो! आणि असा हसला की डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

मी बोनेट लावलं, डोळे मिटले, तळहाताखाली सुती फडकं घेतलं आणि बोनेटवरून मडगार्डावर हात फिरवला. डोळे फसतात, हात फसत नाही, हे मी तुला शिकवलंय. हात कुठे अडखळला नाही. दोनदा फिरवला, तिसऱ्यांदा उगीचच फिरवला, बरं वाटत होतं म्हणून. माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटणं सांभाळावी लागली. हातोडी न लावता बसलेलं नवं मडगार्ड मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्या लेकीनं केलेलं होतं.

आता उजवं. खरं विचारलंस म्हणून खरंच सांगतो. दुसऱ्या लॉटमधलं हे मडगार्ड खालच्या कडेला दाराला घासतं. नखाएवढाच फरक, पण दार उघडताना रंग खरवडणार. मी आणि ठोक्यानं दुपारभर ठोकून ते बसवलं. बसलं. वर रंग चढल्यावर दंतवैद्यबाईंना काय, कुणालाच कळणार नाही. तेव्हा तुझा भागीदार खोटं बोलत नाही. पण गॅरेजवाले ठोकतात म्हणून आपण वाकडं पाठवायचं, म्हणजे एकानं गाय मारली म्हणून दुसऱ्यानं वासरू मारायचं. लोकांना कळणार नाही, पण तुला कळेल, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे. घाल तो लॉट भंगारात. तुझ्याच हातानं घाल आणि त्याच्यादेखत घाल.

मग तो प्रेस घेऊन जाईल, तर जाऊ दे. गॅरेज मी काल ठोक्याच्या स्वाधीन केलं. किल्ल्या दिल्या तेव्हा तो माझा हात धरून उभा राहिला. माझं पत्रा वळवायचं चाक सुटं करून पेटीत भरलंय, रविवारी निघतोय. आई मागून येईल, आधी पोरीला विचारा तरी म्हणते, पण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. दुसरी प्रेस मिळेपर्यंत मडगार्डं आपण हातानं करू. शेकड्यांनी निघणार नाहीत, जोडीजोडीनं निघतील, पण तुझ्या मापाची निघतील. मापं तुझी, हुकूम तुझा. माझी एखादी कड चुकली तर चारचौघांत सांग, ऐकून घेईन. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका ठोकून सरळ केल्या. आता मला पहिल्यापासून सरळ असलेली वस्तू करायची आहे, आणि ती जिथे होते तिथे नोकरी मागायला हे पत्र लिहिलंय.

तुझाच, आणि सोमवारपासून तुझ्याच हाताखालचा,
बाबा