मोगरी प्रीतमला

मी, केशव देवाजी दिघोरे, राहणार इतवारी, नागपूर, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र करीत आहे. मला कोणी भाग पाडलेले नाही. तसा माणूस अजून जन्मायचा आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. इतवारीतील घर आणि बँकेतील ठेव पत्नी कौशल्या हिला. पुस्तके कन्हानच्या वाचनालयाला. मासळीच्या हालांवर मी केलेल्या भाषणांची कात्रणे जाळावीत. टाळ्यांनी एकही मासा वाचला नाही.

२. कन्हानकाठची तळी आणि मत्स्यपालन कंपनीतील माझे सर्व समभाग मुलगी पिंकी हिला. कारण लिहून ठेवतो, म्हणजे कोर्टात तर्क लढवायला नकोत.

गुंतवणूकदारांना नफा दाखवायचा म्हणून मुलगा प्रीतमने पाण्याला पेलणार नाही इतके मत्स्यबीज तळ्यांत सोडले. पिंकी म्हणाली, "दादा, लाइन गेली तं यायले हवा कोण देईन गा? तू फुंकशीन?"

"मेले तं मेले. विमा हाय."

यंदाच्या वैशाखात वीज गेली, पाण्यात हवा सोडणारी यंत्रे थांबली. मासे वर येऊन तोंडे उघडून तडफडू लागले. प्रीतमने जेसीबीने खड्डा खणून ते जिवंतच चुन्यात ओतले. डोळे जळालेले रोहू एकमेकांवर आपटत होते.

आमच्या घरी मासळी काढताना पहिला मासा मालकाने स्वतः मारायचा असतो, लाकडी मोगरीने, एका ठोक्यात. ती मोगरी घेऊन मी खड्ड्यात उतरलो आणि एकेकाला एका ठोक्यात यातनेतून सोडवत गेलो. "बाबा, पैसेवाले पाहून राहिले, वर या," म्हणत प्रीतमने माझी मान धरली. पुढचा ठोका त्याच्या जबड्यावर बसला. त्याने लोखंडी सब्बल मारून माझे मनगट फोडले. मला पश्चात्ताप नाही.

३. कंपनीत पैसा लावू पाहणाऱ्याला पिंकीने आधी मासळी काढताना काठावर उभे करावे. जो मान वळवेल, त्याचा पैसा घेऊ नये.

४. मोगरी प्रीतमला. तिच्यावरचे रक्त मासळीचे, त्याचे आणि माझे आहे, धुवू नये. माझ्यामागे येणाऱ्या पहिल्या हंगामात त्याने बहिणीसमोर पाण्यात उतरावे आणि पहिला मासा स्वतः मारावा. एका ठोक्यात जमले, तर अर्धी तळी त्याची. दुसरा ठोका लागला, तर मोगरी काठावर ठेवून निघून जावे.

ठिकाण : नागपूर
दिनांक : ९ जून २०२५

केशव देवाजी दिघोरे
(उजवा हात निकामी, डाव्या अंगठ्याचा ठसा)

साक्षीदार :
१. धोंडबा मारबते, तळ्यावरील कामगार. खड्ड्यातून मला यानेच वर काढले.
२. डॉ. प्रेमलता नान्हे; माझे मनगट आणि प्रीतमचा जबडा यांनीच शिवला. मी शुद्धीत असल्याचे त्या सांगतील.